वाठोडकरांची कचेरी आणि सोनाबाईची साक्ष

खुनाचा खटला मी आयुष्यात एकही चालवला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना रक्तबिक्त हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. आमच्या कचेरीत यायच्या त्या विहिरी, बांध, मृत्युपत्रं, दत्तकविधानं आणि वाटण्या. त्यातही वाटण्याच जास्त. सख्खे भाऊ एकाच बसनं यायचे, एकाच टपरीवर पण एकमेकांकडे पाठ करून चहा घ्यायचे आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहायचे. संध्याकाळी गावाकडे जाणारी बसही एकच असायची, त्यामुळे पुन्हा शेजारीच बसून जायचे. याला आम्ही दिवाणी काम म्हणतो.

वाठोडकरांचा बंगला नागपूरच्या सदर भागात होता. त्याच्या पुढच्या तीन खोल्या म्हणजे कचेरी. दादासाहेब वाठोडकरांनी ती थाटली तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती. कोर्टाची भाषा तेव्हा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी यांची खिचडी होती. मी गेलो तेव्हा दादासाहेब तसबिरीत होते आणि कचेरी त्यांचे चिरंजीव आबासाहेब पाहत होते. आबासाहेबांचे थोरले चिरंजीव भाऊसाहेब नुकतेच काळा कोट घालून बापाच्या उजव्या हाताला बसू लागले होते. भिंतीला टेकून लाल पुठ्ठ्याची कायद्याची पुस्तकं छतापर्यंत गेलेली. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, आणि हिवाळ्यात सगळ्या कचेरीला संत्र्यांचा वास येई. काटोल-नरखेडकडचे बागाईतदार पक्षकार येताना टोपली घेऊन येत. आमच्याकडे संत्री गोड निघाली की दावा लंगडा असतो, असं आबासाहेब म्हणायचे.

पक्षकार तरी किती तऱ्हेचे. कळमेश्वरचे एक मोतीराम नावाचे गृहस्थ होते. बांधाच्या भांडणात त्यांचा निकाल लागला, ते जिंकले, समोरचा माणूस वारलासुद्धा. तरी मोतीराम तारखेला येतात तसे येत राहिले. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, पुडीतला चिवडा खायचे, आमची गंमत बघायचे आणि उठून जायचे. एकदा मी विचारलं, "मोतीरामजी, आता कशाला त्रास घेता?" तर म्हणाले, "घरी बसून काय करू, साहेब? इथं माणसं भेटतात."

त्या कचेरीत वाठोडकरांच्या नात्याबाहेरचं कोणी वकील म्हणून बसलं नव्हतं. मुलगे, पुतणे, भाचे, एवढंच. मी पहिला परका.

माझे वडील गिरणीत विणकर. राहायचो उत्तर नागपुरात. छप्पन्न साली मी शाळेत होतो. पांढरा सदरा घालून वडिलांच्या मागे दीक्षेला गेलो होतो. पुढे वकील झालो, पण नुसती सनद मिळून वकील होता येत नाही. बसायला कोणाची तरी खुर्ची लागते. शहरातले बरेच दरवाजे मी ठोठावले. सगळे सज्जनपणे बोलले, पाणी दिलं आणि जागा नाही म्हणाले. आबासाहेबांनी आडनाव विचारलं, 'रामटेके' ऐकलं आणि समोर कागद सरकवला. "चार ओळी लिहून दाखवा." मी लिहिल्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"अक्षर फार वाईट आहे," ते म्हणाले. "म्हणजे वकील व्हाल. उद्यापासून या."

पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा माझा कप वेगळा आहे का, हे मी तिरक्या नजरेनं पाहत होतो. सगळ्यांचे कप सारखेच टवके उडालेले होते. भाऊसाहेब मात्र वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते वाईट माणूस नव्हते. घरची खुर्ची बाहेरच्याला दिल्याचं त्यांना पचत नव्हतं, आणि ते तोंडावर नाटक करत नसत, हे मला त्यातल्या त्यात आवडायचं. दसऱ्याला कचेरीत पुस्तकांची पूजा होई. मी त्या दिवशी दीक्षाभूमीवर असे. दुसऱ्या दिवशी आबासाहेब माझ्या टेबलावर आपट्याची पानं ठेवत आणि विचारत, "काल गर्दी कशी होती?"

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हिवाळ्यातल्या एका सकाळी नरखेडकडची एक बाई आली. कौसल्या तिचं नाव. तिशीच्या आतबाहेरची, पांढऱ्या कपाळाची, शाळेत जाणारी मुलगी हाताशी. बाकावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाली, "वकीलसाहेब, मले बाकी काही नको. एवढंच सांगा, मी त्यायची बायको होती का नाही?"

मी तिला आधी बसवलं. हळूहळू हकिकत कळली. तिचा नवरा नामदेव रेल्वेत फिटर होता. पगारातून वाचवून त्यानं आपल्या गावाकडे जमीन घेतली, विहीर खणली, संत्र्याची झाडं लावली. नोकरीमुळे तो नागपुरात, आणि बाग पाहायचा त्याचा धाकटा भाऊ देवराव. आई सोनाबाई देवरावजवळच राहायची. झाडं नुकती फळाला आली आणि नामदेव काविळीनं गेला. काही महिन्यांनी कौसल्या मुलीला घेऊन गावी गेली, तर देवरावनं फाटकातच सांगितलं की तू त्याची लग्नाची बायकोच नव्हतीस, इथं तुझं काही नाही.

आम्ही दावा लावला. दावा म्हणजे आपलं म्हणणं कोर्टापुढे मांडायचं; मग समोरचा त्याला उत्तर देतो, त्याला जबाब म्हणतात. देवरावचा जबाब आला आणि तो वाचून मी सुन्न झालो. नामदेव आणि 'सदर बाई' यांचं लग्न झालंच नव्हतं, असं त्यात होतं. होम नाही, सप्तपदी नाही, भटजी नाही. त्या वेळी दीक्षा घेऊन पुरती दहा वर्षंही न झालेल्या समाजाची कुठली आली रूढी? कायद्याला रूढी लागते ती पिढ्यान्‌पिढ्यांची. तेव्हा सदर बाई ही मयताची पत्नी नव्हे आणि तिची मुलगी वारस नव्हे.

मी तो जबाब आबासाहेबांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे दोनदा वाचला.

"हलकट जबाब आहे," ते म्हणाले, "पण ज्यानं लिहिलाय त्याला कायदा कळतो. रामटेके, तुमचं लग्न कसं झालं?"

"असंच," मी म्हणालो. "बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या, वंदना, हार. बस."

त्यांनी जबाबाचा कागद माझ्याकडे परत सरकवला. "डॉक्टर स्वतःच्या घरच्या माणसावर चाकू चालवत नाही. हा दावा मी भाऊकडे देऊ शकतो. तुम्ही ठरवा."

भाऊसाहेब तिथंच होते. म्हणाले, "मी घेईन, पण खरं सांगतो, कायद्याच्या मुद्द्यावर हे जाईल. आणि हरलो तर नुसती ही बाई हरत नाही. उद्या कुणीही उठून हाच जबाब देईल."

"म्हणूनच मी चालवतो," मी म्हणालो.

घरी येऊन सुशीलेला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता हात थांबले.

"म्हणजे त्या वकिलाच्या म्हणण्यानं मी तुमची कोणीच नाही?"

"त्याच्या म्हणण्यानं."

"आन् तुम्ही हरले तर?"

"वर अपील असतं."

"ते तुमच्या कोर्टात," ती म्हणाली. "तुम्ही हरून आले तर दार मी नाही उघडणार. परक्या माणसाले घरात कसं घेऊ?" हे ती हसत म्हणाली. आमची दोन मुलं शेजारी बसून अभ्यास करत होती. मला त्यांच्याकडे पाहवेना.

इथं वारसाहक्क थोडा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. भावाला काही नाही. म्हणजे लग्न शाबीत झालं, तर कौसल्या, तिची मुलगी आणि सोनाबाई अशा तिघी. लग्न शाबीत झालं नाही, तर बायको गेली, मुलगी गेली आणि राहिली एकटी आई. सगळी बाग सोनाबाईची. आणि सोनाबाई राहायची देवरावच्या घरी. देवरावचा डाव असा सरळ होता. आम्ही सोनाबाईलाही प्रतिवादी केलं होतं, आणि देवरावच्या सहीखाली त्या जबाबावर तिचा अंगठा होता.

लग्न झालं हे शाबीत करायला साक्षीदार हवेत. वंदना म्हणणारे गावचे बुजुर्ग वारले होते. फोटो काढण्याची ऐपत नव्हती. गावातले लोक देवरावच्या शेजारचे, कोणी पुढं यायला तयार नाही. नामदेवचा रेल्वेतला एक जोडीदार सापडला. भला माणूस, रजा काढून कचेरीत आला. मी विचारलं, "लग्नात काय काय झालं, आठवतं?"

"सगळं आठवते, साहेब. बुंदी होती. वांग्याची भाजी होती. मठ्ठा होता."

"विधी काय झाला?"

तो विचारात पडला. "विधीच्या वेळी मी बुंदीपाशी होतो."

आबासाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मला हसू आलं नाही. कौसल्या दाराशी बसून ऐकत होती. ती उठून पुढं आली.

"माह्या सासूले बोलवा," ती म्हणाली.

"ती त्यांच्या बाजूनं आहे," मी म्हणालो. "अंगठा दिलाय तिनं."

"अंगठा देला असन. तोंड नाही देलं."

वकिलीत काही गोष्टी करायच्या नसतात. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही, ही एक. आणि समोरच्या पक्षकाराला आपला साक्षीदार म्हणून बोलवायचं नाही, ही त्याहून मोठी. कारण आपण बोलावलेला माणूस आपल्याविरुद्ध बोलला तर त्याला खोटं पाडणं फार कठीण. तुम्हीच तर आणलात, असं कोर्ट म्हणतं. भाऊसाहेब तर ऐकून उभेच राहिले. "आत्महत्या आहे ही," ते म्हणाले.

आबासाहेबांनी कौसल्येला विचारलं, "बाई, सासूचं आणि तुमचं पटायचं?"

"नाही," ती म्हणाली. "मले लय बोलायची. माह्या हातची भाजी तिले कधी आवडली नाही. पण खोटं बोलताना मी तिले पाहिलं नाही."

पटत नव्हतं म्हणाली म्हणून मला विश्वास वाटला. फार गोडीगुलाबीचं सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "दावा तुमचा आहे, रामटेके." मी सोनाबाईच्या नावानं समन्स काढायचा अर्ज लिहिला.

साक्षीच्या दिवशी मी लवकर गेलो. देवराव आईला घेऊन व्हरांड्यात आला होता. उंच, उन्हानं रापलेला माणूस. आईच्या हाताला धरून त्यानं तिला पायऱ्या चढवल्या, बाकावर बसवलं, नळावरून पाणी आणून दिलं. हा माणूस खलनायक असता तर माझं काम सोपं झालं असतं. बागेत राबला तोच होता. झाडं त्यानं पोसली होती आणि कायदा त्याला एक फांदी देत नव्हता. त्याची बाजू कोणी नीट मांडली असती तर तडजोडीत त्याला काहीतरी मिळालं असतं. त्याऐवजी त्याला भलताच रस्ता दाखवला गेला आणि तो त्या रस्त्यानं गेला.

पुकारा झाला. सोनाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. बुटकी म्हातारी, कठड्यावरून जेमतेम चेहरा दिसत होता. न्यायाधीशांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली, ती म्हणाली, "उभीच राहीन." शपथ झाली. मागच्या बाकावर भाऊसाहेब येऊन बसलेले मी पाहिले. ते येणार आहेत असं बोलले नव्हते.

मी कौसल्येकडे बोट दाखवून विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"काहून नाही ओळखणार? माही सून होय थे."

समोरचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी हातानं बसा म्हटलं.

"कोणाशी लग्न झालं तिचं?"

"माह्या नामदेवाशी. आमच्याच आंगनात. मीच सारवलं होतं आंगन. बुद्धाचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. वंदना झाली. दोघायनं हार घातले. मंग लोक जेवले."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? नांदली. पोरगी झाली. बाळंतपण मीच केलं."

मी बसलो. एवढंच विचारायचं होतं.

समोरच्या वकिलांची उलटतपासणी सुरू झाली. जबाबावर तुमचा अंगठा आहे ना, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हाव. देवरावनं लाव म्हटलं, लावला. वाचून कोणी दाखवला नाही." मग ते मुद्द्यावर आले.

"होम झाला होता?"

"नाही."

"सात पावलं चालले?"

"नाही."

"भटजी होता?"

"नाही."

"मग याला लग्न कसं म्हणता, बाई?"

सोनाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, लहान पोराला सांगावं तसं ती म्हणाली, "बाप्पा, माह्या लगनातही भटजी नव्हता. माह्या मायच्याही नव्हता. आमच्या दारात कोणता भटजी येत होता तवा? मंग आम्ही सगळ्या कोण होतो, सांग बरं?"

समोरच्या वकिलांनी कागद चाळले आणि आणखी प्रश्न नाही म्हणाले. ते माझ्याच वयाचे, हुशार माणूस. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. ते आपलं काम करत होते. उद्या मलाही असलं काम करावं लागलं असतं.

तेवढ्यात न्यायाधीश स्वतः पुढे झुकले. "आजी, हे लग्न झालंच नाही असं ठरलं तर सगळी जमीन तुमच्या एकटीच्या नावावर होईल. हे तुम्हाला माहीत आहे?"

"हाव. पोरानं सांगतलं."

"तरी तुम्ही हे सांगता?"

"जमीन माह्या नावानं होईल, साहेब," सोनाबाई म्हणाली. "पण माह्या नामदेवच्या पोरीले बाप राहणार नाही."

न्यायाधीशांनी हे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात आलो तर सोनाबाई एकटीच उभी. देवराव खाली आवारात लिंबाच्या झाडापाशी पाठ करून उभा होता. कौसल्या रडत होती. तिनं म्हातारीची पिशवी उचलली. "आत्याबाई, चला माह्या घरी."

"नाही वं," सोनाबाई म्हणाली. "मी माह्या घरी जातो."

"थे आता तुमाले घरात घेतील का?"

"माहा पोरगा होय तो. कोर्टानं खरं विचारलं, मी खरं सांगतलं. म्हणून का पोरगा टाकून देऊ?" तिनं पिशवी परत घेतली. नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "आईले सांग, भाजीत तिखट कमी टाकत जा म्हणा."

पायऱ्या उतरून ती चालू लागली. तिला येताना पाहून देवराव फाटकाकडे निघाला. मागं वळून पाहिलं नाही, पण पावलं हळू टाकत होता. म्हातारी बरंच अंतर ठेवून त्याच्या मागं. दोघं तसेच एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. भाऊसाहेब माझ्याशेजारी येऊन उभे होते.

"रामटेके," ते म्हणाले, "माझं काही ऐकत जाऊ नका." आणि माझ्या हातातला फायलींचा गठ्ठा त्यांनी घेतला. त्या कचेरीत मालकानं ज्युनिअरच्या फायली उचलल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

पुढच्या तारखेला देवराव साक्ष द्यायला आलाच नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. मी मात्र निकालपत्र वाचून चिडलो. रूढी कशी जन्मते, धर्म बदललेल्या समाजानं आपल्या विधींसाठी पिढ्या उलटायची वाट पाहायची का, यावर मी जीव तोडून युक्तिवाद केला होता. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की आईच्या साक्षीवरून आणि इतकी वर्षं नवराबायको म्हणून नांदल्यावरून लग्न शाबीत होतं. सबब रूढीच्या प्रश्नात शिरण्याचं कारण नाही. माझ्या युक्तिवादाला एक परिच्छेद, तोही छोटा.

आबासाहेब म्हणाले, "जिंकल्यावर न्यायाधीशावर रागावणारा वकील मी पहिल्यांदाच पाहतोय."

सुशीलेनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तिचं ठरलं, आपलं लटकलंच?"

"आपलंही इतकी वर्षं नांदल्यावरून शाबीत होईल," मी म्हणालो.

"नांदलो का आपण?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही कचेरीतच राहता."

तो प्रश्न पुढे वरच्या कोर्टांत, इतर लोकांच्या दाव्यांतून हळूहळू सुटत गेला. त्यात माझा वाटा काही नाही, आणि ती खंत मला अजून आहे. एका कौसल्येचं काम झालं. तिच्यासारख्या किती जणी वकिलापर्यंत पोचल्याच नसतील.

कचेरीचं सांगायचं तर, ऐंशी सालच्या सुमारास आबासाहेब गेले. भाऊसाहेबांची मुलं इंजिनिअर झाली, एकानंही काळा कोट घातला नाही. बंगला पाडून तिथं दुकानं आली आणि आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसू लागलो. पाटीवर वाठोडकर आणि रामटेके अशी दोन नावं भाऊसाहेबांनी रंगाऱ्याकडून स्वतः उभं राहून लिहून घेतली. नाव रंगवताना 'टे'ची मात्रा राहिली होती, ती त्यांनी पुन्हा काढायला लावली. लोक अजून वाठोडकरांची कचेरीच म्हणतात. मीही तसंच म्हणतो.

पण सोनाबाईचं राहिलं.

निकालानंतर अपिलाची मुदत असते. समोरची मंडळी अपील करणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या मुदतीतच एक दिवस सोनाबाई कचेरीत आली, आणि तिच्या मागं देवराव. तो दाराच्या आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला. म्हातारी खुर्चीत बसली. "मले वाटा भेटला ना, साहेब? थो देवरावच्या नावानं करून द्या."

मी म्हणालो, "आजी, मी तुमच्या सुनेचा वकील आहे. हे काम मी करणं बरं दिसत नाही. तुमच्या वकिलाकडे जा."

"त्यायनंच तर भांडण लावलं."

आतल्या खोलीतून आबासाहेब हे ऐकत होते. तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती, कोर्टात जाणं थांबलं होतं. ते काठी टेकत बाहेर आले. "बक्षीसपत्र मी सांगतो, कोणीतरी लिहून घ्या," ते म्हणाले. "पण त्या सुनेला बोलवा. सगळ्यांसमोर झालं पाहिजे." मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्याजवळ काही राहणार नाही. उद्या मुलानं विचारलं नाही तर?"

"तो पोसते मले. बोलत नाही, पण पोसते. झाडं त्यानं मोठी केली, त्याले काहीच नाही, हेही खोटंच झालं ना, साहेब?"

आबासाहेबांनी मान डोलावली.

ठरल्या दिवशी कौसल्या मुलीला घेऊन आली. ती एका बाकावर, देवराव समोरच्या बाकावर, मध्ये सोनाबाईची खुर्ची. आबासाहेबांनी सांगितलेला मजकूर मी मोठ्यानं वाचला, म्हातारीला एकेक वाक्य समजावलं. तिनं अंगठा लावला. मग बक्षीस स्वीकारल्याची देवरावची सही हवी होती. तो उठेना. मान खाली घालून बसून राहिला.

"घे रे," सोनाबाई म्हणाली. "मी मेल्यावर तुम्हाले भांडाले काही ठेवत नाही."

देवराव उठला. पेन हातात घेतलं, सही केली. पेन खाली ठेवून तसाच टेबलापाशी उभा राहिला. आम्ही वकील लोक अशा वेळी कागद सारखे करत बसतो, तसे आम्ही करत होतो. बागेची वाटणी आता तिघांत होती: तो, कौसल्या आणि मुलगी. विहीर एकच.

मग तो कौसल्येच्या बाकाकडे वळला, तिच्याकडे न पाहता, तिच्या पायांजवळच्या फरशीकडे पाहत.

"पाणी पहिले तुमच्या झाडायले देतो," तो म्हणाला. "बहार धरला आहे. तुम्ही कधी येता, वयनी?"

जबाबात ती 'सदर बाई' होती. कौसल्येनं पदर सावरला, सासूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उद्याच्याच बसनं येतो, भाऊजी."